वन-वे तिकिटावर परदेशी निघताय? त्या देशातून बाहेर पडायचं तिकीट आधी हातात ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सहा महिन्यांची मोठी सुटी घेतली आहे. पहिला मुक्काम इंडोनेशिया, तिथून फिलिपिन्स, आणि जमलंच तर न्यूझीलंड. पुढचं काहीच पक्कं नसल्यामुळे इंडोनेशियाला फक्त जायचं तिकीट काढलंय. आता एक जण म्हणतो, परतीचं तिकीट नसेल तर विमानात चढूच देत नाहीत. दुसरा म्हणतो, मला तर कुणी विचारलंसुद्धा नाही. तिसरा म्हणतो, डमी तिकीट काढ, काम होऊन जातं. यातलं खरं काय?

पहिले दोघेही आपापल्या अनुभवापुरतं खरंच सांगताहेत. तिसऱ्याचं मात्र ऐकू नका, त्याची कारणं पुढे देतो. मी बरीच वर्षं चेक-इन काउंटरच्या मागे काम केलं आहे आणि आता तिकिटं व प्रवासाची कागदपत्रं हाच माझा व्यवसाय आहे. काउंटरवरून परत पाठवलेल्या लोकांचे चेहरे मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचा प्रवास आदल्या रात्रीच्या अर्ध्या तासाच्या तयारीने वाचला असता. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला पहिल्यांदा अडवणारा माणूस त्या देशाचा अधिकारी नसतो. तो विमान कंपनीचा कर्मचारी असतो आणि तुम्ही जिथून निघता तिथेच तो तुम्हाला अडवतो. हे का, ते कळलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. १९४४ च्या शिकागो कराराच्या १३व्या कलमात म्हटलं आहे की ज्या देशात उतरायचं त्या देशाचे प्रवेशाचे नियम प्रवाशाने पाळले पाहिजेत. याच कराराच्या ९व्या परिशिष्टाप्रमाणे, एखाद्याला प्रवेश नाकारला गेला तर त्याला परत नेण्याची जबाबदारी त्याला घेऊन आलेल्या विमान कंपनीवर येते. अशा प्रवाशाला आमच्याकडे सगळे 'इनॅड' म्हणतात. इनॅड झालेल्या प्रवाशासाठी परतीच्या विमानात जागा काढायची, कागदपत्रं सांभाळायची, कित्येकदा वर दंडही भरायचा. ब्रिटनमध्ये योग्य कागदपत्रांशिवाय आणलेल्या एकेका प्रवाशामागे कंपनीला २,००० पाउंडपर्यंत भुर्दंड बसू शकतो. परतीच्या प्रवासाचा खर्च प्रवाशाकडून वसूल करायचा हक्क कंपनीला असतो, पण विमानतळावर अडकलेल्या माणसाकडून पैसे वसूल करणं किती अवघड, हे कंपन्यांना चांगलं ठाऊक आहे.

त्यामुळे काउंटरवरची मुलगी तुम्हाला "परतीचं तिकीट कुठे आहे?" असं विचारते तेव्हा ती तुमच्या सचोटीवर शंका घेत नसते. तिच्यासमोर एक स्क्रीन असतो आणि त्यावरची अट पूर्ण झाल्याचं तिला दिसलं पाहिजे, एवढाच तिचा प्रश्न असतो. पुष्कळ लोक इथेच चिडतात, "मी तिथे राहायला जाणार नाही, माझी नोकरी आहे, घर आहे" असं सांगत बसतात. ते सगळं खरं असतं, पण त्या स्क्रीनवर त्यासाठी रकानाच नसतो.

तो स्क्रीन म्हणजे टिमॅटिक. आयाटा, म्हणजे विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना, हा माहितीसाठा चालवते. पासपोर्ट कुठल्या देशाचा, त्याची मुदत किती, राहता कुठे, जाता कुठे, मध्ये कुठे थांबता, किती दिवस राहणार आणि कशासाठी, एवढी माहिती भरली की त्या प्रवाशाला लागू असणारे नियम समोर येतात. बऱ्याच कंपन्यांत आता ही तपासणी चेक-इनच्या प्रणालीतच बसवलेली असते. वन-वे तिकीट दिसलं की प्रणाली स्वतःच थांबते आणि कर्मचाऱ्याने 'कागद पाहिला' अशी नोंद केल्याशिवाय बोर्डिंग पास निघत नाही. ऑनलाइन चेक-इन करताना "कृपया काउंटरवर कागदपत्रं दाखवा" असा संदेश आला, तर वन-वे प्रवाशांच्या बाबतीत त्यामागे अनेकदा हेच कारण असतं.

टिमॅटिकमधली वाक्यं नीट वाचायला शिकलात तर निम्मं काम झालं. काही देशांपुढे सरळ लिहिलेलं असतं की प्रवाशाकडे परतीचं किंवा पुढच्या प्रवासाचं तिकीट असणं बंधनकारक आहे. काही देशांपुढे वाक्य जरा मऊ असतं: असं तिकीट नसलेल्या प्रवाशांना प्रवेश नाकारला जाऊ शकतो. सगळी गंमत या दुसऱ्या वाक्यात आहे. पहिल्या प्रकारात कर्मचाऱ्याला पर्यायच नसतो. दुसऱ्या प्रकारात निर्णय त्याच्यावर, त्याच्या सुपरवायझरवर आणि त्या कंपनीच्या अंतर्गत धोरणावर अवलंबून राहतो. एक कंपनी सोडते, दुसरी सोडत नाही. एकाच कंपनीत सकाळच्या पाळीत सोडतात, रात्रीच्या पाळीत अडवतात. तुमच्या त्या दोन मित्रांचे अनुभव इतके वेगळे असण्याचं कारण हेच आहे. तिसऱ्या प्रकारच्या देशांबाबत तिकिटाचा उल्लेखच नसतो, आणि तिथे सहसा कुणी विचारत नाही.

हा मजकूर प्रवाशालाही पाहता येतो. अनेक विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर 'प्रवासाची कागदपत्रं' किंवा 'व्हिसा आणि पासपोर्ट' अशा नावाखाली टिमॅटिकचीच माहिती दिसते. आपला तपशील भरा, येईल तो निकाल तारखेसकट जपून ठेवा. शक्यतो ज्या कंपनीने उडणार आहात तिच्याच संकेतस्थळावर पाहा, कारण काउंटरवर तिचंच म्हणणं चालणार आहे. सोबत त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याचं संकेतस्थळही वाचा. दोन्हींत फरक असेल तर कडक नियम खरा धरून चाला.

आता देशांकडे वळू, कारण नियम सगळीकडे सारखा नाही आणि फरक मजेदार आहेत.

तुमच्या बेतातला इंडोनेशिया बऱ्याच देशांच्या नागरिकांना व्हिसा ऑन अरायव्हल, म्हणजे तिथे उतरल्यावर मिळणारा व्हिसा, देतो. तो ३० दिवसांचा असतो आणि एकदा आणखी ३० दिवस वाढवता येतो. परतीचं किंवा पुढचं तिकीट ही त्यातली एक अट आहे. बरेच जण फसतात ते असे: मुक्काम वाढवायचाच असं आधीपासून ठरलेलं असतं, म्हणून बाहेर पडायचं तिकीट ४५व्या दिवसाचं काढतात. काउंटरवरच्या माणसाला मात्र ३० दिवसच दिसतात. मुदतवाढ अजून मिळालेली नाही, ती मिळेलच असं तो गृहीत धरू शकत नाही. तुमच्याकडे तिकीट असूनही घोडं अडतं.

फिलिपिन्सचंही तेच, आणि तिथे तर जास्त काटेकोर. अनेक देशांच्या नागरिकांना ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येतं. नंतर तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन मुक्काम पुन्हा पुन्हा वाढवता येतो, म्हणून लांबच्या मुक्कामाला जाणाऱ्यांचा तो आवडता देश आहे. पण आत शिरताना त्या पहिल्या ३० दिवसांच्या आतलं बाहेर पडायचं तिकीट लागतंच, आणि विमान कंपन्या ते चढण्यापूर्वी तपासतात. मनिलाला निघालेला वन-वे प्रवासी दिसला की आम्ही दुसरं काही विचारण्याआधी हेच विचारायचो. तुमच्या पासपोर्टवर किती दिवस मिळतात ते मात्र स्वतंत्रपणे पाहून घ्या. सगळ्यांना ३० मिळत नाहीत.

न्यूझीलंडचा नियम मला सगळ्यांत समंजस वाटतो. बाहेर पडायचं तिकीट दाखवा, नाहीतर ते विकत घ्यायला पुरेसे पैसे असल्याचा पुरावा दाखवा. शिवाय राहण्याच्या खर्चासाठी महिन्याला १,००० न्यूझीलंड डॉलर, आणि राहण्याचे पैसे आधीच भरले असतील तर ४००. नियम इतका स्पष्ट असला की प्रवाशालाही सोपं जातं आणि काउंटरलाही. तरीसुद्धा तिकीट असलेलं बरं, कारण बँकेचा कागद वाचत बसायला गर्दीच्या वेळी कुणाकडे सवड नसते.

अमेरिकेत व्हिसा वेव्हर योजनेखाली (ठरावीक देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय थोड्या दिवसांसाठी प्रवेश) जाणाऱ्यांसाठी एक खाच आहे आणि ती भल्याभल्यांना माहीत नसते. ९० दिवसांसाठी परतीचं किंवा पुढचं तिकीट लागतं, पण ते पुढचं तिकीट कॅनडा, मेक्सिको किंवा जवळच्या कॅरिबियन बेटांवर संपत असेल तर चालत नाही, तुम्ही तिथले रहिवासी असाल तरच चालतं. न्यूयॉर्कहून टोरांटोचं स्वस्त तिकीट काढून निश्चिंत झालेला माणूस काउंटरवर येतो तेव्हा त्याला हे समजावणं फार जड जातं. पनामा तिकिटाबरोबर ५०० डॉलर जवळ असल्याचा पुरावाही मागतो. चीनची २४० तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत (पुढे दुसरीकडे जाताना मध्ये थांबण्याची) घ्यायची असेल तर तिकीट तिसऱ्या देशाचं किंवा प्रदेशाचं हवं. ज्या देशातून आलात तिथेच परत जाणार असाल तर ती सवलत लागू होत नाही.

शेंगेन देशांत, म्हणजे आपसातली सीमा-तपासणी काढून टाकलेल्या युरोपातल्या देशांत, त्यांच्या सामायिक सीमा-संहितेचं ६वं कलम लागू होतं: प्रवासाचा हेतू सांगता आला पाहिजे, आणि राहण्यापुरते व परत जाण्यापुरते साधन जवळ हवं. परतीचं तिकीट हा त्यासाठीचा एक पुरावा धरला जातो. इथली नेहमीची चूक म्हणजे पॅरिसला उतरून 'पुढचं तिकीट' म्हणून रोमचं दाखवणं. शेंगेनच्या एका देशातून दुसऱ्यात जाणं म्हणजे बाहेर पडणं नव्हे. ९० दिवसांचा हिशोब सगळ्या क्षेत्राचा मिळून एकच असतो, कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९०. ब्रिटनमध्ये तिकिटाची सक्ती नियमात नाही. मुदत संपताना तुम्ही निघून जाल याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. ती पटवायला तिकिटाइतका सोपा मार्ग नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता चालणारं तिकीट म्हणजे कसं, ते बघू. ते त्या देशातून बाहेर पडणारं हवं. परवानगीच्या मुदतीच्या आतलं हवं. नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आणि जिथे जाताय त्या देशात तुम्हाला प्रवेश मिळण्याजोगा हवा. ही शेवटची गोष्ट लोक विसरतात. ज्या देशाचा व्हिसा लागतो आणि तो तुमच्याकडे नाही, तिथलं स्वस्त तिकीट काढून दाखवलं, तर हुशार कर्मचारी लगेच विचारतो, "याचा व्हिसा कुठे आहे?" मग एका प्रश्नाचे दोन होतात.

मुदत मोजताना पोचण्याचा दिवस पहिला धरा. ३० दिवस म्हणजे पुढच्या महिन्याची तीच तारीख, असं गृहीत धरू नका. आणि मध्यरात्रीनंतरच्या उड्डाणांपासून सावध राहा. मुदत १० तारखेला संपते आणि विमान '११ तारीख, ००:२०' असं आहे. प्रवाशाच्या मनात ती १० तारखेचीच रात्र असते, पण तिकिटावर ११ आहे आणि स्क्रीनवर ते एक दिवस जास्त दिसतं. वीस मिनिटांसाठी अख्खा प्रवास लटकलेला मी पाहिला आहे. दोन-तीन दिवसांची मोकळीक ठेवूनच तारीख निवडा.

विमानाचंच तिकीट लागतं असं नाही. मध्य अमेरिकेत शेजारच्या देशात जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय बसचं तिकीट दाखवून जाणारे पुष्कळ असतात. बोटीचं, रेल्वेचं, क्रूझचं तिकीटही बऱ्याच ठिकाणी चालतं. पण काउंटरवरच्या माणसाला अनोळखी बस कंपनीची पावती पडताळता येत नाही, म्हणून तो साशंक होतो. बसने जायचा खराच बेत असेल तर कंपनीचं नाव, सीमा ओलांडण्याचं ठिकाण, तारीख आणि तुमचं नाव त्या कागदावर स्पष्ट असू द्या. नुसती "तिथून बस मिळते" ही माहिती कामाची नाही.

पैशांच्या दृष्टीने काय करावं? पहिला पर्याय तपासा तो म्हणजे मुळात रिटर्न तिकीटच घेण्याचा. लांबच्या मार्गांवर जुन्या मोठ्या कंपन्यांचं रिटर्न तिकीट कित्येकदा वन-वेच्या जवळपास, क्वचित त्याहूनही स्वस्त पडतं. परतीची तारीख बदलता येणारं भाडं निवडा. जाताना एका शहरात उतरून येताना दुसऱ्या शहरातून निघणारं तिकीटही मिळतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा: तिकिटाची वैधता साधारणपणे एक वर्षापेक्षा जास्त नसते, आणि जायचा टप्पा चुकवलात तर परतीचा आपोआप रद्द होतो. शिवाय परतीची तारीख पहिल्या देशाच्या मुदतीनंतरची असेल, तर तेवढ्याने भागणार नाही. सहा महिन्यांनी जकार्ताहून परत येण्याचं तिकीट ३० दिवसांच्या परवानगीपुढे निरुपयोगी आहे.

दुसरा पर्याय म्हणजे छोट्या अंतराचं खरं, स्वस्त तिकीट. इंडोनेशियातून सिंगापूर किंवा क्वालालंपूर, असं काहीतरी. ते वापरलं नाही तर पैसे जातील, पण ते कमी असतात आणि मनाला घोर राहत नाही. माझ्या मते बहुतेकांसाठी हाच सगळ्यांत चांगला उपाय आहे. त्यातही तुम्हाला खरंच जावंसं वाटेल असं ठिकाण निवडा. तुमच्या बाबतीत जकार्ता किंवा बालीहून मनिलाचं तिकीट ३० दिवसांच्या आत काढलंत तर ते वाया जाण्याचा प्रश्नच येणार नाही, आणि मनिलाला उतरताना लागणारं पुढचं तिकीट तुम्ही इंडोनेशियात बसून आरामात ठरवू शकाल.

तिसरा पर्याय पूर्ण पैसे परत मिळणाऱ्या तिकिटाचा. इथे भाड्याच्या अटी शब्दन् शब्द वाचा. 'तारीख बदलता येते' म्हणजे पैसे परत मिळतात असं नाही. 'रद्द करता येते' म्हणजे कधीकधी फक्त पुढच्या प्रवासासाठीचं क्रेडिट मिळतं. 'रिफंडेबल' लिहिलेल्या भाड्यातही काही ठिकाणी रद्द करण्याचं शुल्क असतं. कार्डवर परकीय चलनात पैसे भरले असतील तर परत येताना दर बदललेला असतो आणि बँकेचं शुल्क परत येत नाही. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे विमान सुटायच्या आत तिकीट रद्द केलं पाहिजे. विमान गेलं आणि तुम्ही नो-शो, म्हणजे न कळवता गैरहजर, ठरलात, तर रिफंडेबल तिकिटाचीही कित्येकदा वाट लागते. फोनमध्ये दोन दिवस आधीचा गजर लावून ठेवा. फिरण्याच्या नादात तारीख विसरणं फार सोपं असतं. माइल्स, म्हणजे विमान कंपनीच्या ग्राहक-योजनेतले गुण, साठवले असतील तर तेही बघा. अनेक कार्यक्रमांत माइल्सवर काढलेलं तिकीट नाममात्र शुल्कात किंवा फुकट रद्द होतं.

अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या नियमाने, अमेरिकेला जाणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या उड्डाणांसाठी विमान कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट २४ तासांत दंडाशिवाय रद्द करता येतं, मात्र ते उड्डाणाच्या किमान ७ दिवस आधी काढलेलं हवं. काही कंपन्या पैसे न घेता २४ तास जागा राखून ठेवतात, तेही या नियमात बसतं, पण नुसती राखलेली जागा म्हणजे तिकीट नव्हे. आणि ते २४ तास बुकिंगच्या क्षणापासून मोजले जातात. घरून निघणं, चेक-इन, लांबचं उड्डाण, मधला थांबा, इमिग्रेशनची रांग, यात २४ तास सहज उलटतात. उतरण्याआधीच तिकीट रद्द करून टाकलं आणि पलीकडच्या अधिकाऱ्याने विचारलं, तर तुमच्या हातात मेलेला कागद असतो. तिकीट रद्द करायचंच असेल तर पासपोर्टवर शिक्का पडल्यानंतर करा.

आता डमी तिकिटाचा विषय. या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि फरक समजला पाहिजे.

एक म्हणजे नुसतं रिझर्व्हेशन. एजंट जागा धरून ठेवतो, सहा अक्षर-अंकांचा पीएनआर, म्हणजे बुकिंगचा क्रमांक, मिळतो, पण पैसे भरलेले नसतात, तिकीट निघालेलं नसतं. ठरावीक वेळ संपली की ते आपोआप रद्द होतं. व्हिसाच्या अर्जासाठी हे पूर्णपणे रास्त आहे. शेंगेन व्हिसासाठी अर्ज करताना कित्येक दूतावास स्वतःच सांगतात की व्हिसा मिळेपर्यंत तिकीट विकत घेऊ नका, रिझर्व्हेशन पुरेसं आहे. लोकांचा गोंधळ इथूनच सुरू होतो. अर्जाला जे चाललं ते प्रवासाच्या दिवशीही चालेल असं त्यांना वाटतं. प्रवासाच्या दिवशी कर्मचारी तिकिटाचा क्रमांक बघतो. तो १३ अंकी असतो आणि त्यातले पहिले तीन अंक विमान कंपनीचे असतात. काही स्वस्त कंपन्या असा क्रमांक देत नाहीत, तिथे पैसे भरल्याची नोंद असलेलं बुकिंग चालतं. पण मोठ्या कंपनीचा पीएनआर आहे आणि तिकीट क्रमांक नाही, म्हणजे तिकीट नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे भाड्याने मिळणारं तिकीट. कुणीतरी तुमच्या नावाने खरं बुकिंग करतं आणि एक-दोन दिवसांत रद्द करून टाकतं. पीएनआर कंपनीच्या संकेतस्थळावर उघडतो, त्यामुळे काउंटरवर ते चालून जातंही. पण ते कधी रद्द होणार हे तुमच्या हातात नसतं. उड्डाणाला उशीर झाला, मधल्या थांब्यावर रात्र काढावी लागली, की पुढच्या काउंटरवर ते उघडतच नाही. शिवाय पासपोर्टचा तपशील अनोळखी माणसाच्या हाती जातो. जेवढे पैसे त्यात घालता त्यात थोडी भर घालून खरं तिकीट येतं. मग हा खटाटोप कशाला?

तिसरी गोष्ट म्हणजे सरळ बनावट कागद. जुन्या तिकिटाच्या पीडीएफवर नाव नि तारीख बदलून दिलेला. हे करू नका, कुणी सांगितलं तरी करू नका. कंपनीचा कर्मचारी पीएनआर टाकतो आणि एका मिनिटात उघडं पडतं. इमिग्रेशन अधिकाऱ्यासमोर ते उघडं पडलं तर प्रकरण तिकिटापुरतं उरत नाही. कॅनडात चुकीची माहिती देऊन फसवणूक केल्याचं ठरलं तर ५ वर्षं प्रवेश बंद होतो. अमेरिकेच्या कायद्यात प्रवेशासाठी जाणूनबुजून खोटं सांगितलं तर कायमची बंदी लागू शकते. पुढे प्रत्येक व्हिसा अर्जात "कधी प्रवेश नाकारला होता का?" हा प्रश्न येतो आणि त्याचं उत्तर आयुष्यभर 'हो' असं द्यावं लागतं. एका छोट्या तिकिटाचे पैसे वाचवायला ही किंमत कुणीही मोजू नये.

प्रत्यक्ष काउंटरवर काय घडतं ते सांगतो, म्हणजे आधीची तयारी का हवी ते कळेल. आंतरराष्ट्रीय उड्डाणाचं काउंटर बहुतेक ठिकाणी विमान सुटायच्या एक तास आधी बंद होतं. प्रवासी दीड तास आधी येतो, पुढच्या तिकिटाची अट कळते, तो म्हणतो, "ठीक आहे, इथेच काढतो." रांगेच्या बाजूला उभा राहून फोन काढतो. विमानतळाचं वायफाय अडखळतं. दिसेल त्या सर्वांत स्वस्त संकेतस्थळावर तो बुकिंग करतो. पैसे भरताना बँकेचा ओटीपी ज्या सिमवर येणार ते त्याने परदेशी सिम घालण्यासाठी काढून ठेवलेलं असतं. सिम बदलतो, फोन पुन्हा चालू करतो. पैसे एकदाचे जातात आणि स्क्रीनवर येतं: "तुमचं बुकिंग प्रक्रियेत आहे, तिकीट काही तासांत ईमेलवर मिळेल." पैसे गेले, पीएनआर आला, तिकीट क्रमांक नाही. काउंटरवरची मुलगी घड्याळाकडे बघते, तोही बघतो. घाईत आडनाव आणि नावाची अदलाबदल झाली असेल तर तेही आत्ताच लक्षात येतं. अशा वेळी समोरच्या माणसाची दया येते, पण नोंद केल्याशिवाय बॅगेला टॅग लावता येत नाही.

म्हणून तिकीट घरूनच, निदान एक दिवस आधी, विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढा. तिकीट क्रमांक आला की खात्री करा, पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवा आणि एक छापील प्रत पासपोर्टसोबत ठेवा. कर्मचाऱ्याने विचारलं की दुसरं काही न सांगता तो कागद पुढे करा.

कर्मचारी चुकतो असं वाटलं तर? तेही होतं. तुमच्याकडे त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा, काम वा शिक्षणाचा परवाना किंवा तिथलं रहिवासी कार्ड असेल, तर परतीच्या तिकिटाची अट सहसा लागू होत नाही. नवीन कर्मचाऱ्याने फक्त पर्यटकांचा नियम वाचलेला असू शकतो. आवाज न चढवता सुपरवायझरला बोलवायला सांगा आणि विचारा, "माझा परवाना धरून टिमॅटिकमध्ये पुन्हा बघता का?" जपून ठेवलेला मजकूर दाखवा. दोन देशांचं नागरिकत्व असेल तर ज्या देशात जाताय तिथला पासपोर्ट आधी पुढे करा. बोटीवर खलाशी म्हणून रुजू व्हायला चाललेले असाल तर कंपनीचं किंवा कप्तानाचं पत्र, बोटीचं नाव आणि बंदर लागतं. आणि दोन वेगळी तिकिटं जोडून प्रवास असेल तर पहिल्या कंपनीला तुमचा प्रवास मधल्या विमानतळावरच संपलेला दिसतो. तिला दुसरं तिकीट स्वतःहून दाखवा, नाहीतर मधल्याच देशाचे नियम तुम्हाला लावले जातील.

उतरल्यावर इमिग्रेशनला हाच प्रश्न पुन्हा येऊ शकतो, किंवा येतही नाही. अधिकाऱ्याने विचारलं तर खरं तेच सांगा. "तिकीट या तारखेचं आहे, बेत बदलला तर तारीख बदलेन, पण मुदतीच्या आत बाहेर पडेन किंवा रीतसर मुदतवाढ घेईन." यात लपवण्यासारखं काही नाही. पहिल्या काही रात्रींचं राहण्याचं बुकिंग आणि बँक खात्यातली शिल्लक दाखवता येईल अशी तयारी ठेवा. तिकीट दाखवायला सांगितलं आणि ते फोनच्या ईमेलमध्ये आहे, फोनला नेटवर्क नाही, असं रोजच घडतं. तो छापील कागद इथेही उपयोगी पडतो.

एवढं करूनही चढू दिलं नाही, तर लगेच करायच्या दोन गोष्टी आहेत. कर्मचाऱ्याकडून नकाराचं कारण लेखी किंवा निदान ईमेलवर मागून घ्या. आणि विमान सुटायच्या आत तुमचं तिकीट पुढच्या उड्डाणावर हलवून घ्या किंवा रद्द करा, कारण तिथून रागाने निघून गेलात तर तुमची नोंद नो-शो अशी पडते आणि उरलेले पैसे, पुढचे टप्पे सगळंच बुडू शकतं. नुकसानभरपाईच्या आशेवर राहू नका. युरोपचा २६१/२००४ हा प्रवाशांच्या बाजूचा नियमसुद्धा अपुऱ्या कागदपत्रांमुळे चढू न देणं भरपाईतून वगळतो. काउंटरवर बॅग आधीच गेली असेल तर ती विमानातून उतरवून घ्यावी लागते, तिची पावती जपून ठेवा. मग शांतपणे एका बाजूला बसून बाहेर पडायचं तिकीट काढा, तिकीट क्रमांक येईपर्यंत थांबा, आणि तो आल्यावरच पुढच्या विमानासाठी काउंटरवर जा.